तारेतली तारीख

सोमवार, १७ नोव्हेंबर २०२५. सांगली

आधी एक दुरुस्ती. ९ तारखेच्या नोंदीत मी लिहिलं आहे की थोरले आजोबा, म्हणजे शिपाई अर्जुना रामू फडतरे, एकाहत्तरच्या लढाईत जखमी झाले, महिनाभर लष्करी दवाखान्यात होते आणि ८ जानेवारी १९७२ ला तिथेच वारले. शेवटच्या क्षणी एका नर्सने त्यांच्या तोंडात पाणी घातलं, असंही लिहिलं आहे. हे सगळं चूक आहे. ते दवाखान्यात गेलेच नव्हते. १० डिसेंबर १९७१ ला, लढाई ऐन भरात असताना, ते रणात कामी आले. त्या नोंदीवर मी एकच आडवी रेघ मारली आहे आणि समासात आजची तारीख घातली आहे. चूक खरवडायची नाही, खालचं वाचता आलं पाहिजे, हे अण्णांनी मला शिकवलं.

अण्णा म्हणजे माझे आजोबा, लालासाहेब फडतरे, निवृत्त शिक्षक, अर्जुना आजोबांचे धाकटे भाऊ. लहानपणी दम्यामुळे मी तिसरीपर्यंत शाळेत गेले नाही. माझी शाळा म्हणजे अण्णांची ओसरी. नोंद अशी लिहावी की परक्यालाही कळावी, हेही त्यांचंच. म्हणून सगळं नीट सांगते.

आमचं गाव वडूजच्या पुढे सात किलोमीटर. गावात अर्जुना आजोबांचा स्मृतिस्तंभ व्हायचा आहे. दगडावरचा मजकूर मी लिहायचा असं सरपंचांनी ठरवलं, कारण मी सांगलीला वाचनालयात काम करते आणि माझं मराठी शुद्ध आहे असा गावाचा समज आहे. मजकुरात आठ जानेवारी ही तारीख लिहिताना मला टोचत होतं. घरातलं ऐकलेलं सोडून कशाचाच आधार नव्हता. म्हणून पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसला दोन महिन्यांपूर्वी पत्र टाकलं होतं. आज दुपारी सव्वातीनला उत्तर आलं. दोनच वाक्यं आहेत, इंग्रजीत. मी मराठी केलं ते असं:

"शिपाई अर्जुना रामू फडतरे हे दिनांक १० डिसेंबर १९७१ रोजी पूर्व आघाडीवर शत्रूशी लढताना कामी आले, प्रथम बेपत्ता अशी नोंद होऊन ३ जानेवारी १९७२ रोजी मृत्यूची खात्री झाली. मृत्यूचा हा दिनांक नमूद केलेली तार ५ जानेवारी १९७२ रोजी त्यांच्या वडिलांच्या नावे पाठविण्यात आली."

दुसरं वाक्य तारेबद्दल आहे, ते दगडाच्या कामाचं नाही. पण पहिलं वाक्य! चोपन्न वर्षं अख्खं गाव चुकीच्या दिवशी नारळ फोडतंय आणि हे फक्त मला माहीत आहे. मी तीनदा जिना उतरून चढून आले. बसवत नव्हतं.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

पत्र अकरा वेळा वाचलं. मग शंका आली की दुसराच कुणी अर्जुना फडतरे असेल तर? रात्री भावाला सांगून साळू आजीच्या, म्हणजे अर्जुना आजोबांच्या बायकोच्या, पेन्शनच्या कागदाचा फोटो मागवला होता, तो आज आला. पत्राच्या माथ्यावरचा शिपाई क्रमांक त्याच्याशी ताडून पाहिला, उलटा सुलटा. तोच आहे.

खोलीतली ऋचा म्हणाली, तू अशी नाचतेस जणू तुला नोकरी लागली. मी तिला म्हटलं की नोकरी लागल्यावर मला रडू आलं होतं, हे वेगळं आहे.

शनिवार, २२ नोव्हेंबर. गाव

विट्याला बस बदलली, मायणीला चहासुद्धा घेतला नाही. घरी पोचल्या पोचल्या अण्णांसमोर पत्र ठेवलं. मला वाटलं होतं ते उठून उभे राहतील. त्यांनी चष्मा काढून पुसला, घातला, पुन्हा काढला. मग म्हणाले, गाव जे मानतं तेच दगडावर राहू दे.

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. मी पुन्हा समजावून सांगितलं की हे सरकारी कागदावर आहे, अंदाज नाही. ते म्हणाले, ऐकलं गं, कान शाबूत आहेत. आणि म्हशीला पाणी दाखवायला उठून गेले. म्हैस तासाभरापूर्वीच पाणी प्यायली होती.

अण्णा असं म्हणतील हे खरं वाटत नाही. शुद्धलेखनाच्या एका चुकीसाठी त्यांनी मला पान पुन्हा लिहायला लावलेलं आहे. त्यांचं बीपी वाढलंय का ते पाहायला हवं. आईला सांगितलं. आई म्हणाली दोन दिवस जेवणही कमी आहे, पण पत्र तर आज आलं. मी म्हटलं पत्राचं मी त्यांना सोमवारीच फोनवर सांगितलं होतं, पुरतं नाही, नुसतं आलं आहे एवढं.

साळू आजीला मी अजून काही सांगितलं नाही. ती अर्जुना आजोबांची बायको, अण्णांची वहिनी. अठराव्या वर्षी तिचं कपाळ पांढरं झालं. सोप्याच्या पलीकडची खोली तिची. सव्वीस जानेवारीला तिला वडूजला शाल नि नारळ देतात, "वीरपत्नी" म्हणून नाव पुकारतात. ती लांब बाह्यांचा झंपर घालून जाते. वैशाखातही तिच्या बाह्या मनगटापर्यंत असतात. लहानपणी मला वाटायचं लष्कराचा तसा नियम असेल.

रविवार, २३ नोव्हेंबर

आज देवळात कार्यक्रमाची बैठक झाली. सरपंच शिवतेज माझ्याहून चारच वर्षांनी मोठा आहे. पत्र वाचून तो खूश झाला. म्हणाला, दहा डिसेंबर तर फर्स्ट क्लास, जानेवारीत आचारसंहिता लागली तर पाहुणा कुठून आणायचा. कराडच्या पाथरवटाला त्याने तिथूनच फोन लावला. दगड घडवून झालाय, तारखेची जागा कोरी आहे, एक तारखेपर्यंत सांगा, असं तो म्हणाला. माझ्या एका पत्राने कार्यक्रम महिनाभर अलीकडे आला. मला इतका आनंद झाला की खुर्च्या किती लागतील यावरही मी मत दिलं.

मग मी सुचवलं की पहिल्या रांगेत मध्यभागी साळू आजीची खुर्ची असावी. त्यावर भाऊकीतल्या तानुबाई, ज्या ऐंशीच्या पुढे आहेत, म्हणाल्या, "शाल द्यायची तर द्या बाबा, पर म्होरं बशिवू नगा. नाव खाल्लेली बाई हाय ती."

शिवतेज मोबाईल बघायला लागला.

बाहेर पडल्यावर मी तानुबाईंना गाठलं आणि विचारलं, नाव खाल्लं म्हणजे काय? त्यांना वाटलं मी चेष्टा करते. मग त्यांनी सांगितलं ते मी जसंच्या तसं मनात धरून घरी आले. बाईने नवऱ्याचं नाव तोंडाने घ्यायचं नाही, घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं, उखाण्यात घेतलं तर तेवढं चालतं, हे मलाही ठाऊक होतं. साळू आजीने तोंडाने घेतलं नाही. तिने पालीच्या खंडोबाच्या जत्रेत ते हातावर गोंदवून घेतलं. नवरा तिकडे दवाखान्यात बरा होत होता, हिने इकडे नाव गोंदलं आणि दहा-बारा दिवसात तार आली. माझ्या पणजीने, म्हणजे तिच्या सासूने, तिसऱ्या दिवशी तो हात बघितला आणि साऱ्या भाऊकीसमोर म्हणाली की हिने माझ्या पोराचं आयुष्य खाल्लं.

म्हणून बाह्या लांब. म्हणून मागच्या वर्षी घरातल्या यशराजदादाच्या हळदीला ती गोठ्यात शेंगा निवडत बसली होती. मला वाटलं होतं तिला गर्दी सोसत नाही. मी तसं वहीत लिहिलंही आहे. तीही दुरुस्ती करावी लागेल.

अकरा वाजता झोपले, बाराला उठून बसले. जत्रा कधी होती? नक्की कोणत्या तारखेला?

मंगळवार, २५ नोव्हेंबर. सांगली

वाचनालयाच्या माळ्यावर जुनी पंचांगं पोत्यात बांधून ठेवलेली आहेत. जेवणाच्या सुट्टीत पोती सोडली. शके १८९३ चं सापडायला तासभर गेला. मागची सहा पानं वाळवीने खाल्लेली, पण पौष शाबूत. पालीला खंडोबाचं लग्न पौषात मृग नक्षत्रावर लागतं. त्या वर्षी पौषात मृग नक्षत्र ३० डिसेंबरला होतं.

१० डिसेंबर. ३० डिसेंबर.

मी कागदावर वजाबाकी केली, जणू ती तोंडी येणार नव्हती. वीस. आजीने नाव गोंदवून घेतलं तेव्हा ते जाऊन वीस दिवस झाले होते. तिने काही केलेलं नाही. गोंदणाने माणूस मरत नाही हे मला कळतं, मी एम. ए. झाले आहे, पण ते तानुबाईंना सांगून काय उपयोग? त्यांना हे सांगता येईल. ही वजाबाकी त्यांच्याही हिशेबात बसते!

माळ्यावर एकटीच मोठ्याने हसले. खालून शिपायाने विचारलं, ताई, उंदीर का?

बुधवार, २६ नोव्हेंबर

एक शंका. जत्रेच्या पहिल्या दिवशी गोंदलं की नंतर, हे मला माहीत नाही. पण जत्रेआधी गोंदलेलं नसणार. म्हणजे वीस किंवा जास्त. मी "निदान वीस" असं लिहायला हवं. दुरुस्त केलं.

शनिवार, २९ नोव्हेंबर. गाव

हा दिवस मला म्हातारपणीही आठवायला हवा, म्हणून सगळं लिहिते.

साळू आजी तिच्या खोलीच्या दारात घेवड्याच्या शेंगा सोलत बसली होती. मी समोर बसून सोलायला लागले. आधी काय बोलायचं ते मी बसमध्ये पाठ केलं होतं, पण तोंडातून एवढंच आलं की आजी, आजोबा आठ जानेवारीला नाही, दहा डिसेंबरला गेले. पत्रातलं पहिलं वाक्य मी मराठीत वाचून दाखवलं.

तिने हात थांबवले नाहीत. म्हणाली, "कितवी म्हनलीस?"

"दहा डिसेंबर."

"आन् जत्रा?"

मी जत्रेचं काही बोललेच नव्हते. तिने स्वतःहून विचारलं. म्हटलं, तीस डिसेंबर, पंचांगात बघितलंय.

तिने बोटं मोजली. शेंगांचं सूप मांडीवरून खाली ठेवलं आणि पुन्हा मोजली. मग म्हणाली, "परत सांग. सावकास सांग."

मी चार वेळा सांगितलं. चौथ्यांदा ती हसली. तोंडावर पदर न घेता साळू आजी हसलेली मी पहिल्यांदा पाहिली. तिचे दोन दात सोन्याचे वाटावेत असे पिवळे आहेत, हेही मला माहीत नव्हतं.

मग तिने विचारलं की कागदात त्यांचं नाव कुठं आहे. इंग्रजीत दाखवलं तर तिला पटेना. म्हणून मी मागच्या बाजूला मोठ्या अक्षरात मराठीत "अर्जुना" लिहिलं. तिने डाव्या हाताची बाही कोपरापर्यंत सरकवली. हिरवं गोंदण, कडेने विटलेलं, पण अक्षरं गोल, सुबक. तिला लिहिता वाचता येत नाही. ती माझं एक अक्षर बघायची, हातावरचं एक बघायची. तीनही अक्षरं जुळवून झाल्यावर म्हणाली, व्हय, त्येंचंच हाय. आणि मग म्हणाली की हातावरचं अक्षर तुझ्यापरीस बेस हाय. ते खरं आहे.

मी बैठकीतलं तानुबाईंचं बोलणं सांगितलं नाही. पण तिला सगळं ठाऊक असतं. तिने विचारलं, "आता मला म्होरं बसता यील?"

मी म्हटलं, मधोमध.

थोड्या वेळाने तिने विचारलं की अण्णांना हे सांगितलंस का. मी म्हटलं त्यांना आधीच सांगितलं, पण ते म्हणाले गाव मानतं तेच राहू दे. आजीने शेंगा पुन्हा मांडीवर घेतल्या. म्हणाली, "त्याला ताप नगं दिऊस." बरोबर आहे, तिलाही त्यांच्या बीपीची काळजी वाटत असणार.

संध्याकाळी ती नळावर बाही सरकवलेलीच ठेवून गेली. मी ओसरीवरून बघत होते.

रविवार, ३० नोव्हेंबर

काल रात्री लिहिलेलं पुन्हा वाचलं. मी मूर्ख आहे.

सकाळी गोठ्यात अण्णांना जाऊन सांगितलं की उद्या पाथरवटाला तारीख कळवायची आहे, तुम्ही हो म्हणा. शिवाय आजीचं सगळं सांगितलं, वीस दिवस, बोटं मोजणं, नळावर जाणं. मी बोलतच होते. त्यांनी पेंडीची पाटी खाली ठेवली आणि मला म्हणाले, "राजू, तार मी वाचली होती."

मला तेव्हाही कळलं नाही. मी म्हटलं, हो, घरात दुसरं कुणाला इंग्रजी येत होतं?

ते म्हणाले, "तारेत तारीख होती."

मग ते दाव्याच्या खुंटाशी बसून बोलत राहिले. ते सोळा वर्षांचे होते, मॅट्रिकला. पाच दिवस उशिरा पोचलेली तार हातात घेतली, सगळं कळलं. वडील खाटेवर, दारात गाव. पणजीने रडण्याआधी पहिला प्रश्न विचारला की माझ्या पोराच्या तोंडात शेवटचं पाणी कुणी घातलं. रणात कोण पाणी घालणार? पाण्यावाचून गेलेला मुलगा तिला जन्मभर तहानलेला दिसला असता. "मी म्हटलं, दवाखान्यात होता आई. नर्सनं घातलं. परवाच गेला." पणजीने तेवढ्यावर हात जोडले. तिला त्या रात्री झोपही लागली.

तिसऱ्या दिवशी तिने वहिनीचा हात बघितला. परवाच गेला म्हटल्यावर सगळं जुळत होतं. अण्णांनी खरं सांगितलं असतं तर पाणी खोटं ठरलं असतं. आणि दुसरंही एक होतं. जत्रेला वहिनीबरोबर धाकटा दीर म्हणून तेच गेले होते. तिला अक्षर येत नव्हतं, गोंदणारणीलाही येत नव्हतं. नाव कागदाच्या चिठोऱ्यावर अण्णांनी लिहून दिलं. गोंदणारणीने ते गिरवलं. "आईनं अक्षर ओळखलं तर मला जित्ता सोडत नव्हती," ते म्हणाले.

ते सुंदर अक्षर अण्णांचं आहे. त्याच अक्षरावरून मी पाटीवर गिरवायला शिकले. काल ते डोळ्यासमोर होतं आणि मला ओळखू आलं नाही.

पणजी गेली त्या वर्षी सांगायचं त्यांनी ठरवलं होतं. मग माझ्या वडिलांचं लग्न होतं. मग शाळेत मुख्याध्यापक झाले. ते म्हणाले, तारीख बरोबर घाला, माझी ना नाही. वहिनीला मधोमध बसवा. फक्त पत्राचं पहिलं वाक्य वाचा. दुसरं वाचलं की गाव विचारणार, तारेत तारीख होती तर तार कुणी वाचली. "कागद आत्ता सापडला म्हण. खोटं नाही ते."

निघताना नेहमीप्रमाणे त्यांच्या पाया पडले नाही. हे लिहायलाच हवं.

सोमवार, १ डिसेंबर. सांगली

पाथरवटाला कळवलं: १० डिसेंबर १९७१. त्याने दोनदा विचारून घेतलं. म्हणाला, ताई, दगडाला खोडरबर नसतं.

गुरुवार, ४ डिसेंबर

कामात तीन पुस्तकं चुकीच्या कपाटात ठेवली. पहिल्या वाक्याने आजी पूर्ण सुटते. दुसऱ्या वाक्याने तिला काही जास्त मिळत नाही, अण्णांचं मात्र सगळं जातं. त्यांच्या नोकरीतल्या सगळ्या वर्षांचे विद्यार्थी समोर बसलेले असतील. मग दुसरं वाक्य कशाला?

असं वाटतं आणि लगेच आठवतं, अण्णांनीही असाच विचार केला होता. एकाच माणसाला दिलासा, कुणाचंच नुकसान नाही. आणि ते आजीच्या हातावर जाऊन बसलं.

शनिवार, ६ डिसेंबर. गाव

आजीची नवी साडी आली आहे, शिवतेजच्या आईने पाठवली. झंपर तिने स्वतः शिवायला टाकलाय. बाही किती ठेवू असं शिंप्याने विचारलं तर म्हणाली, कोपराच्या वर. हे मला आईने सांगितलं आणि आम्ही दोघी स्वयंपाकघरात उगाच हसत सुटलो.

दुपारी आजीने मला बोलावलं. कागदावर दोन ओळी आहेत, तू एकच वाचलीस, दुसरीत काय आहे, असं विचारलं. खोटं बोलता येईना. वाचली.

तिने दाराबाहेर बघितलं. समोर गोठ्यात अण्णा शेण ओढत होते.

"तारेत व्हती म्हन तारीख."

मी हो म्हटलं.

मग तिने जे सांगितलं ते अण्णांना माहीत नाही. सासूने तिला तीन दिवस उपाशी ठेवून विचारलं होतं की हे अक्षर कुणाचं, गोंदताना कोण होता तुझ्यासंगं. "म्या न्हाई सांगितलं. म्हनलं जत्रंत कुनी बामन व्हता, त्यानं लिवून दिलं. पोर हुतं त्ये. झोडपून काढलं असतं त्याला."

मी विचारलं, राग येत नाही?

"येतू की. आत्ता आला. पर पैली वळ वाच तू, दुसरी ऱ्हाऊ दी. सत्तरीचा झाला त्यो."

चोपन्न वर्षांनी पुन्हा ती त्यालाच पाठीशी घालते आहे. मी तिला शब्द दिला नाही. तसं स्पष्ट सांगितलं. ती म्हणाली, तू लालासाबाचीच नात, शिकवलंय त्यानंच. हे कौतुक होतं की टोमणा, मला ठरवता आलेलं नाही.

रविवार, ७ डिसेंबर

सकाळी अण्णांना ओसरीवर बसवलं आणि सगळं सांगितलं. तीन दिवसांचा उपास. जत्रेतला बामण. त्यांना खरंच माहीत नव्हतं. पणजीने हात बघितला त्याच्या दुसऱ्याच दिवशी मॅट्रिकच्या अभ्यासासाठी त्यांना वडूजला मामांकडे पाठवलं होतं.

मी म्हटलं, पत्र मी वाचायचं असं शिवतेजने ठरवलंय, पण मी ते तुमच्या हातात देणार आहे. पहिलं वाक्य वाचा. दुसरं वाचायचं की नाही ते तुम्ही ठरवा. तुम्ही थांबलात तर मी वाचीन. तुमचं नाव घेणार नाही, पण वाक्य सोडणार नाही. आयुष्यात अण्णांना मी पहिल्यांदा काही बजावून सांगत होते.

ते उठले. वहिनीच्या खोलीकडे चार पावलं गेले, तिथून परत आले, पुन्हा गेले. दाराबाहेर उभे राहिले. आजी आतून काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. ते आत गेले. मी घड्याळ बघितलं, दहा वाजून पाच मिनिटं. बाहेर आले तेव्हा पावणेअकरा. डोळे लाल होते. हातात वाटीभर घेवड्याचे दाणे होते, ते त्यांनी आईला दिले.

सोमवार, ८ डिसेंबर. सांगली

उद्या दुपारपासून आणि बुधवारी पूर्ण दिवस रजा मिळाली. कारणाच्या रकान्यात "घरगुती" लिहिलं होतं, ते खोडून "गावी कार्यक्रम" लिहिलं, कारण तेच जास्त बरोबर आहे.

पत्राची मराठी प्रत छापायची होती. दुकानदाराने विचारलं, साधी की जाड कागदावर. जाड. ऋचा म्हणाली तू परीक्षेला जाते आहेस असं वाटतं. तसंच वाटतंय खरं, पण भीतीत एवढी उकळी नसते. आज दिवसभर मला कुणालाही थांबवून सगळं सांगावंसं वाटत होतं.

सातच्या सुमाराला अण्णांचा फोन आला. आईची तब्येत, म्हशीचं दूध, दगड गाडीतून आला, उभा केला, चादर टाकली, हे सगळं सांगून झालं. तानुबाईंनी आज आजीच्या दारात येऊन विचारलं म्हणे, की तू खरंच म्होरं बसणार का. आजी म्हणाली, येशील तर शेजारी बस.

मग अण्णा म्हणाले, "अक्षर मोठं छाप. दोन्ही वाक्यांचं. चष्मा जुना आहे माझा."

मी हो म्हटलं. पुन्हा दुकानात गेले. दुकानदार शटर ओढत होता, त्याला विनवलं. आता प्रत समोर आहे, एका पानावर दोन वाक्यं, अक्षर एवढं मोठं की खोलीच्या दारातून मला वाचता येतं. शुद्धलेखन तीनदा तपासलं. काना, मात्रा, अनुस्वार, तारखा.

तरी माझं ठरलं ते ठरलं. पत्र अण्णांच्या हातात देणार, त्यांच्या डाव्या बाजूला उभी राहणार, आणि ते थांबले तर दुसरं वाक्य मी म्हणणार. पाठ आहे. देवळासमोर, बुधवार, १० डिसेंबर २०२५, सकाळी दहा वाजता.